जांभळी पुडी, हिरवं पाणी

सोलापुरात अजून चार-पाच म्हातारी माणसं अशी आहेत, जी मला सुधारलेला चोर समजतात. नुसता चोर समजली असती तर एक वेळ चाललं असतं. भांडता आलं असतं. पण ही माणसं प्रेमानं पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "मल्लूशेट, चूक कुणाची होत न्हाय? पण तुमी सुधारलात, हे लई मोठं हाय." आता यावर माणसानं काय बोलावं?

संपादकांनी मला धंद्यातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितले आहेत. माझ्याकडे असा अनुभव एकच आहे आणि तो मला अजिबात गमतीदार वाटत नाही. तुम्हाला वाटला तर खुशाल हसा. सगळं गाव हसलंय.

माझा धंदा रंग आणि रसायनांचा. दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलण्यापासून सुरुवात केली. भांडवल नव्हतं, ओळखी नव्हत्या. मोठा आवाज होता, त्यावरच दुकान उभं केलं. सत्तरच्या दशकात माझ्या दुकानातला सगळ्यात खपाचा माल होता क्रोम तुरटी.

न्हाव्याकडची पांढरी तुरटी सगळ्यांना माहीत असते. ती म्हणजे दोन क्षारांनी एका घरात मांडलेला संसार आहे: एक पोटॅशियमचं सल्फेट आणि एक ॲल्युमिनियमचं. त्यातल्या ॲल्युमिनियमला बाहेर काढून त्या जागी क्रोमियम आणून बसवलं की झाली क्रोम तुरटी. पुस्तकात हिला दुहेरी क्षार म्हणतात. खडा इतका गडद जांभळा, की हातावर घेतला तर काळाच वाटतो. उन्हासमोर धरला की मात्र आतून रंग फुटतो. आठ पैलू, सगळे जागच्या जागी. कोणी घासत नाही, कापत नाही. आपले आपण होतात. मी कधी दागिन्यांच्या दुकानात रेंगाळलो नाही, पण या खड्यांकडे बघत बसायचो.

या खड्याच्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी असतं. ते खड्याच्या घडणीतच असतं, हाताला ओलं लागत नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकाला कळू नये अशी माझी फार इच्छा होती. पण नरसय्या मामांना ती कळली. नरसय्या मामा म्हणजे खाकी कापड रंगवणारे आमचे सगळ्यात मोठे रंगारी, तेलुगू पद्मशाली समाजाचे, रंगारी गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा एक भाचा शाळेत विज्ञान शिकवायचा, त्यानं घात केला.

"मल्लू, ह्यात निम्मं पाणी हाय म्हणं," मामा म्हणाले. "मग पाण्याचं वजन कापून भाव सांग की."

"मामा, टरबूज घेताना कापता का पाण्याचं?"

"टरबूज मी खातो. हे खातो का?"

"पाणी काढून देतो. पण मग खडा राहणार न्हाय, भुकटी होईल, आणि ती तुमच्या हौदात विरघळायची न्हाय. भुकटीत कापड रंगवा."

मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरं, पाण्यासकट दे. पण टरबुजाच्या भावात दे." असे आमचे संबंध होते. म्हणजे चांगले.

ही तुरटी तीन प्रकारचे लोक नेत. रंगारी नेत, कारण खाकी रंग कापडावर नुसता चढवून भागत नाही, त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. चामडं कमावणारे नेत, कारण ओलं कातडं दोन दिवसांत कुजतं आणि क्रोमच्या पाण्यातून काढलेलं वर्षानुवर्षं टिकतं. आणि तिसरे नेत फोटोवाले. फोटोवाल्यांचं लोकांना नवल वाटतं. त्यांनी नेलेला माल शेरापावशेरात, पण त्यातल्याच एकानं माझं हे केलं.

सुरुवातीला मी माल मुंबईहून आणायचो. मग वाटलं, आपणच करावा. अक्कलकोट रस्त्याला पत्र्याची शेड घेतली. कृती पुस्तकात सोपी होती. बायक्रोमेट म्हणून नारिंगी खडे मिळतात, ते पाण्यात विरघळवायचे, त्यात गंधकाचं आम्ल घालायचं आणि मग हळूहळू स्पिरिट सोडायचं. नारिंगी पाणी गडद होत जातं आणि कुजलेल्या फळांसारखा वास सुटतो. त्या वासावर दारूबंदीचा एक साहेब आला. माझ्याकडे स्पिरिटचं परमिट होतं, ते दाखवलं. त्याचं समाधान होईना. त्यानं पिपात बोट बुडवलं आणि ते तोंडाकडे न्यायला लागला. मी हात धरला. म्हटलं, "साहेब, ह्यात कातडं कमावतात. जीभ कमावली जाईल." साहेब बोट लांब धरून नळ शोधत गेले.

पण पहिला घाणा फसला. एप्रिल महिना, डोक्यावर पत्रे. पाणी जांभळं होण्याऐवजी हिरवंगार झालं आणि खडे धरेचनात. चार दिवस वाट पाहिली. पिपात नुसता हिरवा पाक. मी मुंबईच्या बायक्रोमेटवाल्याला पोस्टकार्ड लिहिलं. त्यातले शब्द इथं छापता येणार नाहीत. आमच्या पोस्टमननं ते वाचून मला दोनदा नमस्कार केला होता. मुंबईहून उलट टपाली उत्तर आलं. शिवीगाळ नाही, राग नाही. "बायक्रोमेट चांगला आहे. द्रावण तापू देऊ नये. तापलं की हिरवं होतं आणि खडे धरत नाही. झाकून ठेवून द्या, थंडीत बघा." खाली एका केमिस्टची सही.

डिसेंबरात झाकण काढलं. तळाला जांभळे खडे बसले होते, हिरव्या पाकातून आपोआप आलेले. त्या केमिस्टला माफीचं कार्ड लिहायचं मी ठरवलं होतं. ते लिहिलं नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला. माझ्यावर तसाच आळ आला तेव्हा त्याची आठवण झाली, एवढं कबूल करतो.

तेव्हापासून मी माल थंडीत करायचो आणि उन्हाळ्यात विकायचो. उष्णता आणि क्रोम तुरटी यांचं जमत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. गजानन मास्तरांना ते माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही त्यांनी माहीत करून घेतलं नाही.

गजानन मास्तर म्हणजे गावातले नावाजलेले फोटोग्राफर. आधी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मास्तर. अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं अतिशय सावकाश. त्यांच्यासमोर मी ओरडलो की मी आपोआप चुकीचा दिसायचो.

फोटोवाल्याला तुरटी कशाला लागते, ते सांगतो. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा थर. दुधावर साय असते तसा. फोटो त्या साईत असतो. हे जिलेटिन गार पाण्यात घट्ट राहतं, पण पाणी जरा कोमट झालं की मऊ पडतं. पुण्या-मुंबईला चालून जातं. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. अशा पाण्यात फिल्म धुतली की साय पट्टी सोडून निघून जाते, आणि तिच्याबरोबर फोटोही. म्हणून धुण्याआधी फिल्म क्रोम तुरटीच्या पाण्यात बुडवतात. कातडं कमावतात तशी साय कमावायची. मग ती उन्हाळ्याला दाद देत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी नरसय्या मामांच्या मुलीचं, पद्माचं लग्न झालं. मे महिना, मोठी तिथ. मास्तरांकडे त्या दिवशी तीन लग्नं होती. मामांकडे त्यांनी सहा रोल काढले. मी जेवायला होतो. पद्माचा नवरा भिवंडीचा, यंत्रमागावरचा, भरघोस मिशीचा. दोघंही दगडासारखी बसली होती. मुलगी रडत होती, मुलगा घाबरला होता. सगळं व्यवस्थित पार पडलं.

चौथ्या दिवशी मास्तर माझ्या दुकानात आले. मागे नरसय्या मामा. मास्तरांच्या हातात एक बाटली, तिच्यात हिरवं पाणी. दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक भरपूर होतं. मास्तरांनी बाटली गल्ल्यावर ठेवली आणि सावकाश म्हणाले, "मल्लप्पा, तुम्ही मला हिराकस विकलात."

हिराकस हा लोखंडाचा हिरवा, स्वस्त क्षार. रंगाऱ्यांना चांगला माहीत. गिऱ्हाइकांच्या माना वळल्या.

"मामांचे रोल आधी धुवायला घेतले. सहाच्या सहा गेले," मास्तर म्हणाले. "डोळ्यांदेखत साय निघाली. नवरदेव मोरीच्या जाळीत अडकला, पद्माचा चेहरा बादलीवर तरंगत होता. बोट लावलं तर विरघळला."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आवरलं नाही, आणि ती माझी पहिली चूक.

"पुडी जांभळी दिली होती ना?" मी विचारलं.

"जांभळी."

"मग पाणी हिरवं कसं झालं? खडे लवकर विरघळावेत म्हणून तुमी ते उकळलंत!"

"उकळलं नाही," मास्तर म्हणाले. "कोमट केलं."

"कोमट किती?"

"कोमट म्हणजे कोमट."

"वाफ येत होती का न्हाय?"

"मल्लप्पा, आवाज खाली."

झालं. मी ओरडतोय आणि मास्तर शांत आहेत, म्हणजे खरं कोण ते दुकानातल्या सगळ्यांना कळलं. मी मामांना पुस्तकातलं सांगायला लागलो. ही तुरटी गार पाण्यात जांभळी राहते, उकळली की हिरवी होते, आणि हिरवी झाली की साय धरून ठेवायची तिची ताकद जाते. पाणी परत गार केलं तरी ती लगेच येत नाही, कित्येक दिवस लागतात. मामांनी सगळं ऐकलं.

"म्हंजे तुजा माल गरम पाण्याला भितो," ते म्हणाले. "आमचे हौद गरमच असतात की."

"तुमचं काम वेगळं, मामा. तिथं चालतं."

"हितं चालत न्हाय, तितं चालतं. कसं काय बे?"

मी जेवढं समजावलं तेवढं ते खोटं वाटत गेलं. शेवटी मामांनी निकाल दिला. निकाल असा: लग्न पुन्हा उभं करायचं. नवरा-नवरी, भटजी, मांडव, सगळं. मास्तर पुन्हा फोटो काढतील, मल्लू तुरटी देईल. फोटो आले तर ठीक. गेले तर गल्लीतला एकही रंगारी मल्लूकडून चिमूटभर माल घेणार नाही.

रंगारी गल्ली म्हणजे माझा निम्म्याहून जास्त धंदा होता. नुसती गल्ली नव्हे, बोललेलं तिथून सगळ्या गावात जायचं. मी छातीवर हात मारून हो म्हटलं.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग मास्तरांकडं जुनी पुडी उरली असंल, तीच वापरा."

"ती कशाला? त्यानं त्यात काय मिसळलं असंल त्याचा भरवसा काय? मी नवीन नेतो. निवडून, अंगठ्याएवढे खडे नेतो. बघत राहतील."

"नव्या पुडीनं फोटो आले तर जुनी चांगली होती हे कसं कळणार?"

मी तिला धंद्यातलं काही कळत नाही असं बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. ती अक्कलकोटकडची, माझ्याशी भांडणं कानडीत मिटवते. "साकु बिडरी," म्हणाली. म्हणजे पुरे, सोडा. आणि वरण वाढलं.

तीन आठवड्यांनी लग्न उभं राहिलं. मे संपत आला होता, ऊन तसंच. जावई भिवंडीहून आला तो मिशी काढून. नवीन लग्न, बायकोला आवडत नव्हती म्हणे. मामांनी कपाळावर हात मारला. बिनमिशीचा जावई फोटोत आला तर नातेवाईक म्हणणार, दुसराच कोणी आहे. मास्तर चित्रकलेचे; त्यांनी काजळानं मिशी काढून दिली. चांगली काढली होती, पण घामानं ती हळूहळू डावीकडे सरकू लागली. प्रत्येक फोटोआधी मास्तर काडीनं ती जागेवर आणायचे.

भटजी अडून बसले. एकदा लागलेलं लग्न मंत्र म्हणून पुन्हा लावता येत नाही, दोष लागतो. नुसते बसतो म्हणाले. पण फोटोत भटजींचं तोंड बंद कसं चालेल? मामा म्हणाले, "काहीबी म्हणा, ओठ हलवा." भटजींनी विचार केला आणि डोळे मिटून, अगदी मंत्राच्या चालीवर सुरू केलं, "टिकेकरवाडी, होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड..." त्यांची बहीण वाडी जंक्शनला दिलेली होती; वाटेतली स्टेशनं त्यांना तोंडपाठ. पद्मशाल्यांच्या लग्नात जिरं आणि गूळ कुटून नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात. तो मुहूर्ताचा क्षण. शहाबाद येताच दोघांनी हात ठेवले.

पद्मा तिथंच फुटली. जी हसायला लागली ती थांबेचना. मग तलंब्रालु, म्हणजे हळदीच्या अक्षता ओंजळीनं एकमेकांवर उधळायच्या. पहिल्या लग्नात दोघांनी चिमूटचिमूट टाकल्या होत्या. आता तीन आठवड्यांचा संसार झालेला. पद्मानं ओंजळ भरून नवऱ्याच्या तोंडावरच मारली. त्यानं परात उचलली. काजळाची मिशी गालावर गेली. शेजारपाजारचे जमले होते, ते विचारत होते, "जेवण न्हाय का?" मामा ओरडत होते, "गंभीर व्हा बे! लगीन हाय!" मास्तर फोटो काढत होते. मी माझी पुडी खिशात घट्ट धरून कोपऱ्यात उभा होतो. मांडवात काळजी फक्त मला होती.

फिल्म धुताना मी मास्तरांच्या काळोख्या खोलीबाहेर बसलो. तुरटीचं पाणी मी स्वतः केलं होतं, सकाळीच, माठातल्या पाण्यात. अंगठ्याएवढे खडे विरघळायला वेळ लागतो; तासभर ढवळत होतो. पाणी असं जांभळं झालं होतं, की मास्तरसुद्धा दोन क्षण बघत राहिले. त्या खोलीच्या दाराशी स्टोव्ह होता आणि त्यावर काळं पडलेलं पातेलं. मी पातेल्यात बोट फिरवलं. बोटाला हिरवट थर लागला. मी ते बोट मास्तरांना दाखवलं. मास्तर म्हणाले, "त्यात आम्ही पालक करतो."

फोटो आले. सगळे आले, साय जागेवर, खणखणीत. मामांनी ओला प्रिंट उजेडात धरला. मुलीचं हसणं बघितलं. मग त्यांनी मला मिठी मारली. मी म्हटलं, "बघितलंत मामा? आता तरी पटलं?"

"पटलं की," मामा म्हणाले. "ह्या वेळी तू खरा माल दिलास."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मामा, पहिला पण खराच होता!"

"मग पहिले फोटो का गेले?"

"उकळलं म्हणून!"

"आणि हे का आले?"

"उकळलं न्हाय म्हणून!"

"आणि पुडी?"

"पुडी नवीन."

"मग?" मामा प्रेमानं म्हणाले. "जाऊ दे मल्लू. झालं ते झालं. माणूस एकदा चुकतो. तू मान्य न्हाय केलंस तरी दुसऱ्यांदा चोख माल दिलास, त्यातच सगळं आलं."

मी मास्तरांकडे वळलो. "जुनी पुडी आणा! आत्ता, माठातल्याच पाण्यात ती विरघळवून एक रोल धुवा!"

"ती मी फेकून दिली," मास्तर म्हणाले. सावकाश.

मी घरी गेलो. बायकोनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. ती ज्या पद्धतीनं विचारत नाही, ती मला सगळ्यात जास्त लागते.

रंगारी गल्लीनं मला वाळीत टाकलं नाही, उलट धंदा वाढला. मामा सगळ्यांना सांगायचे, "मल्लूकडूनच घ्या. एकदा सापडलाय, आता फसवायची हिंमत करणार न्हाय." ज्यानं कधीच फसवलं नाही अशा दुकानदारापेक्षा, ज्यानं एकदा फसवून कान धरले अशा दुकानदारावर लोकांचा विश्वास जास्त असतो, हे मला तेव्हा समजलं. चामड्याचे दोन नवे व्यापारी तर ही गोष्ट ऐकूनच आले. मी त्यांना खरी हकीकत सांगायला गेलो, तर ते एकमेकांकडे बघून हसले. शेवटी मी भाव थोडा वाढवून लावला. तेवढाच बदला.

पण मी गप्प बसणारा नव्हे. मी मास्तरांवर नजर ठेवली. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यात मास्तर माझ्याकडे तुरटी घ्यायला आले नाहीत. दुसरीकडून घेतात का, तेही विचारून पाहिलं. गावात किरकोळीत ती दुसरं कोणी ठेवतच नव्हतं. आणि मास्तरांकडच्या लग्नांचे फोटो तर धडाधड येत होते. मग ते फिल्म कशात बुडवत होते? फेकून दिलेल्या पुडीत! फक्त आता गार पाण्यात. हा मुद्दा मी मामांसमोर मांडला, बिनतोड. मामा म्हणाले, "मल्लू, किती दिवस मनात ठेवणार? मास्तरांनी तुला कधीच माफ केलंय."

पुढे रंगीत फोटो आले, त्यांचं काम मुंबईला जायला लागलं. मास्तरांचा स्टुडिओ बंद झाला, मास्तर गेले. जाण्याआधी भेटायला गेलो होतो. खोलीत दोघंच होतो. विचारायचं ठरवून गेलो होतो. पण ते इतके वाळले होते, की मीच पेज भरवली आणि आलो. त्यांनी आपणहून काही सांगितलं नाही. शेवटपर्यंत कोमटच.

काही वर्षांपूर्वी पद्माबाईंच्या घरी गेलो होतो. त्या आता माहेरच्याच गल्लीत राहतात, नवऱ्याचं चादरींचं दुकान आहे. त्यांनी तो अल्बम काढला. पानापानावर हसणं. सरकलेली मिशी, डोळे मिटलेले भटजी, केसांत अक्षता. म्हणाल्या, "काका, तुमची पहिली पुडी खोटी निघाली ते लई बरं झालं. त्या लग्नात मी नुसती रडत होते."

मी त्यांना दोन काचेचे ग्लास आणायला सांगितले, नंतर टाकून देता येतील असे. क्रोम तुरटीचा एक खडा तेव्हाही माझ्या खिशात असायचा. तो फोडून अर्धा-अर्धा केला. एका ग्लासात माठाचं पाणी, एकात गॅसवरचं उकळतं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याशी ढवळत उभे राहिलो. एक जांभळा झाला. दुसरा हिरवा.

त्यांनी दोन्ही ग्लास उजेडाला धरले. "एकाच खड्याचे?"

"तुमच्यासमोर फोडला."

"म्हणजे मास्तरांनी उकळलं होतं."

"व्हय."

"आणि तुम्ही खरं बोलत होता. एवढी वर्षं."

एवढं ऐकायला मी इतका काळ थांबलो होतो. मी ढवळत राहिलो.

मग त्या हळूच म्हणाल्या, "काका, बाबांना नका सांगू. ते आता अंथरुणावर आहेत. आलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतात, मी मल्लूला सुधारला. त्यांनी खूप धंदा केला, पण अभिमान त्यांना ह्या एकाच गोष्टीचा आहे."

आतल्या खोलीतून मामांचा आवाज आला, "कोण हाय? मल्लू हाय काय?"

मी आत गेलो. मामांनी माझा हात हातात घेतला आणि शेजारी बसलेल्या नर्सला सांगायला सुरुवात केली. मी सगळं ऐकलं. शेवटी नर्सनं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी मान डोलावली.

मामा गेल्या साली गेले. पद्माबाईंना विचारूनच हे लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, "लिहा, पण कोणी विश्वास ठेवणार नाही." ठेवू नका. ज्यांना शंका असेल त्यांनी घरी यावं. गार पाणी माठात आहे, गरम पाणी गॅसवर ठेवायला किती वेळ लागतो? फक्त एक: खडा मी निवडून देणार नाही. बरणी तुमच्यासमोर ठेवीन, हात तुम्ही घालायचा.